मागच्या रांगेतला हात

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, पण तुमच्या खिशात मावणारा नव्हे. मी तिवईवर उभा राहतो आणि किल्ली दिली की डावीकडून उजवीकडे सावकाश फिरतो. माझी मान फिरून होईपर्यंत अख्खी शाळा एका लांबलचक फोटोत येते. म्हणजे यायची. आता माझी स्प्रिंग गंजली आहे आणि मी त्याच शाळेच्या व्हरांड्यात काचेच्या कपाटात बसून असतो. समोरच्या भिंतीवर मीच काढलेला एक फोटो टांगला आहे. मला पापणी नाही, त्यामुळे तो पाहत राहण्यावाचून इलाज नाही.

बड्या घरच्या मुलांची ही शाळा. पितळी चाकांचा मी नवा कोरा इथे आलो तेव्हा माझे कोण कौतुक झाले! फोटोच्या दिवसाची इथे एक रीत होती. शाळेच्या कप्तानाने फोटोत दोनदा दिसायचे. आधी डाव्या टोकाला उभे राहायचे, माझी नजर पुढे सरकली की रांगांच्या मागून धूम ठोकायची आणि माझ्याआधी उजवे टोक गाठायचे. बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, खोटेखोटे रागवायच्या. ज्या वर्षाचे मी सांगतो आहे, त्या वर्षीच्या कप्तानाचे वडील आणि आजोबाही असेच दोनदा दिसले होते.

त्याच वर्षी शाळेत एक काळी मुलगी आली. तिच्या रंगाचे तिथे आधी कोणी आले नव्हते. वडील बस चालवायचे, आणि ती हुशार म्हणून तिला फी माफ होती. मुलांनी तिला ‘शाई’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव शिक्षकांच्याही तोंडी बसले. फोटोसाठी तिला मागच्या उंच फळीवर, झाडाच्या दाट सावलीत उभे केले. पुढे जागा उरली नव्हती, म्हणून उशिरा आलेल्या एका छोटीलाही तिच्याशेजारी चढवले.

मी फिरू लागलो. कप्तान पळाला आणि वाटेत फळीच्या टेकूला त्याचा पाय लागला. फळी कलंडली. नेमकी तेव्हाच माझी नजर तिथे पोचली होती. छोटी घसरली, शाईने तिचा हात घट्ट पकडला, पण तो सुटला. छोटीच्या गुडघ्याचे हाड मोडले.

कप्तान म्हणाला, शाईने ढकलले. त्याच्या मित्रांनी माना डोलावल्या. कण्हत पडलेली छोटी एवढेच म्हणाली, “तिने माझा हात धरला होता.” ते खरेच होते, पण तेच शाईच्या अंगलट आले. शाईला शाळेतून काढायचे की नाही, हे आता फोटोवर ठरणार होते.

फोटोग्राफर आमचा नेहमीचाच. पहिल्या रांगेतली गोरी मुले उठून दिसावीत म्हणून तो फोटो गडद छापायचा. कप्तान दोन्ही टोकांना हसताना स्वच्छ दिसला. शाईच्या जागी नुसता काळा डाग होता. बाई म्हणाल्या, हलली म्हणून पुसट आली, स्वस्थ उभी असती तर दिसली नसती का? मित्रांनो, ती हलल्यामुळे पुसट आली नव्हती. तिच्यासाठी उजेडाचा विचारच कोणी केला नव्हता.

तिचे वडील कामाच्या गणवेशातच आले. मी बाईंच्या टेबलावर होतो. ते फोटोग्राफरला म्हणाले, “साहेब, माझी मुलगी काय करत होती तेवढं दिसेल, असा एक फोटो छापून द्या.”

फोटोग्राफर घुटमळला. “फिकट छापला तर दिसेल. पण मग पहिली रांग पांढरीफटक पडेल. चेहरेच राहणार नाहीत.”

बाईंनी खिडकीबाहेर पाहिले. “मग राहू द्या,” त्या म्हणाल्या.

शाईला शाळेतून काढले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. जाताना शाईने वाकून माझ्या भिंगात पाहिले. तेव्हा माझ्यात फिल्म नव्हती, तरी ती नजर अजून गेलेली नाही.

फोटो इथे लागला. रोज त्याच्यावर ऊन येते. वर्षे गेली तशी पहिली रांग विटत गेली. कप्तानाचे दोन्ही चेहरे पुसले गेले. गडद सावली मात्र उतरू लागली आणि तिच्यातून आधी दोन डोळे वर आले, मग एक हात. मुले इथून पळत जातात. मला मात्र पळता येत नाही.

काल एक वृद्ध बाई काठी टेकत नातीच्या प्रवेशासाठी आल्या. एका पायाने लंगडत होत्या, पण या फोटोसमोर येऊन थांबल्या. नात त्यांना ओढत म्हणाली, “आजी, चल ना. त्यात भूत आहे म्हणतात.”

आजी हलल्या नाहीत. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिले. “भूत नाही गं,” त्या म्हणाल्या. “ती मला ओढून घेत होती. मी पडू नये म्हणून.”

मग त्यांनी तिथल्या शिक्षकांना तिचे नाव विचारले. कोणालाच ठाऊक नव्हते. मीही आयुष्यभर ‘शाई’ एवढेच ऐकले आहे.

मित्रांनो, माझ्या काचेवरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. तुमच्या वर्गात मागे, सावलीत जी उभी असेल, तिला आजच तिचे खरे नाव विचारा.