गुरवाचं फूल

झाडं आमच्या देवराईत राहायला आली, तेव्हा बर्फ अजून डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर होता. आधी अंजनी आली, मग जांभळी, मागून हिरडे. मुळं उचलून, पिकाला धक्का न लावता, बांधाबांधानं चालत. आमच्या जत्रेत एवढा समजूतदारपणा मी कधी पाहिला नाही.

मी रायीचा गुरव. आत राहायचं तर देवीचा कौल लागतो. रायीभोवती रचलेल्या गडग्याजवळच्या देवीच्या दगडाला ओलं फूल चिकटवायचं आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवं पडलं तर आत, डावं पडलं तर आल्या वाटेनं परत. आत राहायला गेलेलं मात्र बाहेर येत नाही, रायीतलं वाळकं पानसुद्धा नाही. दर्शन घेऊन परतणाऱ्या पाहुण्यांच्या केसांत अडकलेली पानं मी काढून आत टाकतो. गाव त्यावरून मला पानवाला म्हणतं. म्हणेना का.

प्रत्येक झाडाचं गाऱ्हाणं मी नीट घातलं. तोवर बर्फ नदी ओलांडून शाळेच्या कौलांवर चढला. माझी बायको शेवंती, तिचं फूल उजवं पडलं आणि ती आत गेली.

"आता तुमचं लावा," ती आतून म्हणाली.

"गुरवाचं शेवटी."

"रीत मागाहून पाळा हो."

मागे कुंभ्याचं एक म्हातारं झाड लंगडत येत होतं. त्याला आधी घेतलं. मग माझं फूल लावलं, तर ते दगडाला गोठून बसलं. उजवं नाही, डावं नाही.

अजून ते तसंच आहे. मी गडग्याबाहेर आहे आणि बर्फ माझ्या कमरेला लागला आहे. आत मधमाश्या गुणगुणतात. शेवंती गडग्याशी उभी असते. आधी दिवसभर बोलायची, आता विचारलं तरच बोलते. तिचे पाय मातीत गेलेत, पण दुखत नाहीत म्हणते. ती समोर असून मला तिची आठवण येते, आणि तिची भीतीही वाटते.

आज तिनं गडग्यावरून हात बाहेर काढला. बोटांना कोवळी पालवी फुटली होती.

"कौल राहू दे. धरा, मी ओढते."

मी हात धरला. ऊब खांद्यापर्यंत आली आणि मला रडू फुटलं. बर्फातून माझा एक पाय सुटलाही. तेवढ्यात तिच्या करंगळीचं पान गळून माझ्या बाजूला पडलं.

मी हात सोडला. वाकून पान उचललं आणि आत टाकलं.

मान वर केली, तर गडग्याशी एक झाड उभं होतं. त्याची एक फांदी बाहेर आली होती. मी ती दोन्ही हातांनी धरली आणि हळूहळू आत सारायला लागलो.