हुकावरचं कुंकू

मित्रांनो, जयनगरातल्या एका घरामागे लोखंडी तिपाईला टांगलेली मी एक म्हातारी चेनपुली आहे. गाड्यांची जड इंजिनं उचलणं हे माझं काम.

माझा जन्मच मार खाऊन झाला. लालबुंद लोखंडावर घणाचे घाव बसले, तेव्हा माझा हूक वाकला. मग सुब्बाराव मेस्त्रींनी मला घरी आणलं. इंजिन उचलण्याआधी ते माझा हूक रॉकेलच्या फडक्याने पुसत आणि उजेडात नीट पाहत. मग इंजिन चार बोटं वर घेऊन, हूक भार पेलतो का ते बघत थांबत. लटकत्या इंजिनाखाली कुणी हात घातला, तर सरळ पान्याचा फटका मारत. सुजलेला हात बरा होतो, असं ते म्हणत.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने, गिरीधरने, मला आडवं ओढून नारळाचा खुंट उपटला. त्या हिसक्याने माझ्या हुकाला चीर गेली. मला ओरडता येत नाही. पुढच्याच आठवड्यात आयुधपूजा, म्हणजे दसऱ्याची अवजारांची पूजा होती. सुब्बारावांची दृष्टी तेव्हा अधू झाली होती. त्यांनी चाचपत हुकावर हळदकुंकवाचा जाड लेप दिला आणि चीर बुजली. महिन्याभरात ते वारले.

यंदा त्यांच्या जुन्या जीपचं इंजिन जाम झालं. पूजेच्या दिवशी अप्पांची जीप चाकाखाली ठेवलेल्या लिंबावरून गेलीच पाहिजे, असा गिरीधरने हट्ट धरला. एका रविवारी त्याने घरीच इंजिन काढायला घेतलं. मदतीला धाकटी बहीण रम्या होती. दोघांनी बॅटरी सोडली, ऑईल काढलं, बोल्ट सोडले. त्यांची आई तुंगाबाई पायरीवर घेवडा मोडत होत्या.

"गिरी, हूक पूस आधी."

"राहू दे गं अम्मा. अप्पांच्या हातचं शेवटचं कुंकू आहे ते."

"अप्पा असते तर तुझ्या पाठीत पाना बसला असता."

"सरी अम्मा, बरं, तू घेवडा मोड."

साखळी खडखडली. चार बोटांवर कुणी थांबलं नाही. इंजिन कमरेएवढं वर गेलं, तेव्हा एक वायर अडकलेली दिसली. रम्याने वाकून खाली हात घातला. माझी चीर फाकू लागली आणि कुंकवाची खपली गळून पडली. तुंगाबाईंना त्याखालची चीर दिसली. त्या धावल्या, रम्याची वेणी मुठीत धरली आणि तिला मागे फरफटत नेलं. तिचं कपाळ पायरीवर आपटून फुटलं.

त्याच क्षणी हूक तुटला. दीडशे किलोचं इंजिन जीपचा पत्रा चिरडत आदळलं. फरशी फुटली. काळं तेल भिंतीवर उडालं. हुकाचा तुकडा गिरीधरचा गाल फाडत गेला.

रम्याला तीन टाके पडले, गिरीधरला अकरा. तिचा हात मात्र वाचला.

संध्याकाळी गिरीधरने तुटका हूक पुसला. लाल पाणी ओघळलं आणि तडा दिसला. तड्याच्या अर्ध्या भागावर जुना गंज होता, म्हणजे चीर आधीचीच होती. तुंगाबाई आत गेल्या आणि रॉकेलचं ते काळवंडलेलं फडकं घेऊन आल्या.

"त्यांच्या हातचं कुंकू नाही रे, हे जपायचं होतं."

आता मला नवा हूक आहे. यंदाच्या पूजेला गिरीधरने आधी त्याच फडक्याने मला पुसलं, उजेडात पाहिलं, मग कुंकवाचं एकच बोट लावलं. मित्रांनो, आम्हा अवजारांना जरूर नमस्कार करा, पण त्याआधी आमच्याकडे डोळे उघडे ठेवून बघा. आमचं दुखणं आम्हाला सांगता येत नाही. आणि आम्ही तुटतो तेव्हा खाली कुणाचा हात आहे, हे पाहून आम्हाला थांबता येत नाही.