शोभाताईंचा हौद

आमचं सदरमधलं बाप्टिस्ट चर्च काळ्या दगडाचं. छपराला आधार सागाच्या कैच्यांचा, वर मंगलोरी कौलं, उंच कमानदार खिडक्या. शंभर वर्षांपूर्वीच्या मिशनरी साहेबाने नागपूरचं ऊन ओळखून भिंती हातभर जाड ठेवल्या. साहेबाचं एकच मला पटत नसे, बाप्तिस्म्याचा हौद त्याने थेट व्यासपीठाखाली खणला. फळ्या उचलायच्या, सहा पायऱ्या उतरायच्या, छातीभर पाण्यात उभं राहून पूर्ण बुडी घ्यायची. आता हौद गळत होता आणि ओलीने फळ्या कुजत होत्या. तो काँक्रीटने बुजवून बाप्तिस्मे पेंच नदीवर घ्यायचे, असा ठराव चर्च कमिटीच्या बैठकीत मीच, म्हणजे सेक्रेटरी अंकुशने, मांडला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

चहा घेऊन आलेल्या शोभाताई मात्र ट्रे धरून तिथेच थांबल्या. लग्न होऊन पारशिवनीहून आल्यापासून, म्हणजे चाळीस वर्षं, चर्च झाडतात त्या. हौद घासायचा, भरायचा, तेही त्यांच्याचकडे. माझ्या बाप्तिस्म्याचं पाणी त्यांनीच भरलेलं.

"अंकुशभाऊ, मंग माहा बाप्तिस्मा कुठी होईन?"

त्यांचा कधीच झाला असणार, म्हणून मी चिडून बाप्तिस्म्यांचं रजिस्टर आणवलं. त्यात त्यांचं नाव नव्हतंच. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळतो; त्या वेळी त्या नेहमी मागे भांडी घासत असायच्या आणि आम्ही समजायचो, बाई कामसू. एवढी आमची अक्कल. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, विचारलं, आजवर बोलल्या का नाहीत.

"कोनी इचारलंच नाई. अन् मी आतमधी उतरली असती तं पानी कोनं भरलं असतं?"

नदीवर घेऊ, असं कोणीतरी समजावलं. त्या ठाम होत्या. "नदीवर नाई. मी याच पान्याची वाट पाहून राहिली."

ठराव मीच फाडला.

रविवारी सकाळी हौद मी भरायला घेतला. नळाला धार नाही, म्हणून आवारातल्या विहिरीवरून बादल्या वाहिल्या. वरून ओतावं तेवढं खालून गळत होतं. शोभाताई दोनदा बादली घ्यायला उठल्या, दोनदा मी त्यांना रागावून बसवलं. शेवटी पाणी जेमतेम कंबरेला लागलं.

पांढऱ्या पातळात त्या सहा पायऱ्या उतरल्या. मी तरी ओततच होतो.

"राहू दे गा अंकुश," त्या म्हणाल्या, "मी गुडघ्यावर बसतो."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला भाऊ म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी त्यांना पाण्याखाली नेलं, तेव्हा भरल्या मंडळीसमोर मी ढसाढसा रडत होतो.