पुढचं लावा

तुमच्या-आमच्या घरी चालतं तेच त्या घरीही चाललं होतं. ताटं वाढून झाली होती, आमटी निवत होती आणि कॉलेजात जाणारी मनी मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसली होती. तरुणांनीच मतं देऊन ठरवायच्या पुरस्कारांचा निकाल लागला होता. वर्षातलं लाडकं गाणं, लाडका नट, लाडकी जोडी, असे नाना प्रकार. आपल्याला मतदानाला घराबाहेर काढायचं तर कोण मनधरणी करावी लागते. ही मुलं अन्नपाणी सोडून मतं देतात! त्यातला ‘वर्षातला सर्वांत हसवणारा क्षण’ हा पुरस्कार मनीच्या आजोबांना, आबांना, मिळाला होता.

आबा काही विनोदी नट नव्हते. कुलपं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस. मनीच्या आजीला विस्मरणाचा आजार जडला होता. कित्येक महिन्यांत तिनं ना कुणाला ओळखलं होतं, ना तोंडातून शब्द काढला होता. तिच्या वाढदिवशी सगळे जमले तेव्हा आबा उभे राहिले आणि तिला आवडणारं जुनं गाणं म्हणू लागले. ऐकून तरी ओळखेल, एवढीच आशा. वरच्या पट्टीत आवाज फाटला, कवळी सुटली, केकवर आपटली आणि टेबलाखाली गेली. मनी मोबाइलवर चित्रण करतच होती. तेवढाच तुकडा कापून तिनं जगापुढे टाकला आणि जग पोट धरून हसलं.

घरातलेही हसले होते. पण आबा टेबलाखाली कवळी चाचपडत असताना आजी बोलली होती. मनीच्या आत्यानं तिचे ओठ हलताना पाहिले होते. ‘अहो’ एवढं तिला ऐकू आलं, पुढचं हसण्यात बुडालं. आबा वर येईपर्यंत आजीची नजर पुन्हा हरवली होती. त्यानंतर ती बोलली नाही आणि थोड्याच दिवसांत गेली.

आत्यानं हे आबांना सांगितलं, तेव्हापासून ते अधूनमधून मनीला विचारायचे, ते पूर्ण चित्रण दाखवतेस का गं? मनी म्हणायची, शोधते, दाखवते. दाखवणार कुठून? मोबाइलमध्ये जागा हवी म्हणून तुकडा कापल्यावर बाकीचं तिनं पुसून टाकलं होतं.

समारंभाला आबा येणार नाहीत, असंच घरात सगळ्यांना वाटलं होतं. पण ते लगेच तयार झाले. मनीला बाजूला घेऊन म्हणाले, “एवढा मोठा पडदा आहे म्हणतेस. मग तिथे सगळं दाखवतील. मी टेबलाखाली होतो ना, मला काहीच दिसलं नाही. ती माझ्याशी बोलली आणि मी नेमका तेव्हाच समोर नव्हतो बघ.”

 मनीनं आत्याजवळ सगळं कबूल केलं. आत्या रुग्णालयात परिचारिका होती, फार बोलणारी नव्हती. आत्ताच्या आत्ता सांग त्यांना, एवढंच ती म्हणाली. मनी कुरकुरली, की सांगितलं तर आबा येणारच नाहीत, आणि लोक काही वाईट बुद्धीनं हसत नाहीत, त्यांना आबा आवडतात.

“आबा कुणाला आवडतात?” आत्या म्हणाली. “आबांना पाहिलंय कुणी? लोकांनी कवळी पाहिली. बाहेरच्यांचं सोड, त्यांना माहीतच नाही. तुला तर माहीत होतं ते कुणासाठी गातायत. तरी तू कवळी ठेवलीस आणि आजी पुसलीस.”

मनी रडली. उद्या सांगते म्हणाली. पण मंचावर आबांबरोबर तिलाही बोलावलं होतं, मैत्रिणींना सांगून झालं होतं. तो उद्या काही उगवला नाही.

समारंभात आबांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. पडद्यावर तुकडा सुरू झाला. आवाज फाटला, कवळी उडाली, सभागृह दणाणलं. आबाही थोडंसं हसले आणि खुर्चीत पुढे सरकून बसले. तुकडा संपला, पडद्यावर रंगीत दिवे नाचू लागले. तरी ते तिकडेच बघत राहिले.

त्यांना मंचावर नेलं. सूत्रसंचालकानं हातात पुरस्काराची बाहुली दिली, तोंडापुढे माइक धरला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

“पुढचं लावा,” आबा म्हणाले.

हशा उसळला.

“नाही, खरंच लावा. पुढे माझी बायको बोलते.”

सूत्रसंचालकानं मांडीवर थाप मारली. लोक शिट्ट्या वाजवू लागले. आबांना कळेना, यात हसण्यासारखं काय आहे. त्यांनी मनीकडे पाहिलं. मनीनं माइक ओढून घेतला.

“हसू नका! पुढचं नाहीये. ते मी पुसलं.” आणि रडत रडत तिनं सगळं सांगितलं. आजी, तिचा आजार, ती एक हाक.  काही मुलांनी माना खाली घातल्या. आबांनी बाहुली जमिनीवर नीट उभी करून ठेवली आणि म्हणाले, चल घरी.

घरी ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं मनीला वाटलं. त्यांनी फक्त तिला समोर बसवलं.

“पुसलंस ते पुसलंस. पण मोबाइल तुझ्याच हातात होता. ‘अहो’च्या पुढे काय म्हणाली ती?”

मनीनं खूप आठवून पाहिलं. तिला तिचं स्वतःचं हसणंच तेवढं आठवलं.

“मी हसत होते, आबा,” ती म्हणाली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते आत निघून गेले.

मनीनं तो तुकडा काढून टाकला, पुरस्कार नको असं कळवून टाकलं. आता कुणी तिला असलं काही दाखवू लागलं, तर ती आधी विचारते, हा माणूस कोण आहे, आणि याच्या पुढे काय झालं? पण सोडलेला बाण परत येत नाही. तिनं काढला तरी तो तुकडा हजारो मोबाइलमध्ये फिरतोच आहे. मित्रहो, हसण्याला कुणाची ना नाही, हसावंच माणसानं. पण दुसऱ्याच्या फजितीतलं आपल्याला दिसतं ते कापून घेतलेलं असतं, आणि कापून टाकलेल्यात त्याचं सगळं आयुष्य असू शकतं. तो तुकडा एखाद दिवशी तुमच्याकडेही येईल. आला तर पुढे पाठवू नका.