गंज्याची चाल

गंज्या पडद्यावर चालू लागला तसा कणकवलीच्या टॉकीजमध्ये हशा उसळला, आणि चंद्रावतीही तोंडाला पदर लावून हसली. निळ्या मातीच्या कुठल्याशा ग्रहावर एक गंजका यंत्रमानव डावा पाय फरफटवत निघाला होता. कंबर बाहेर काढून तो पुढे झुके, मग क्षणभर थांबे, जणू पुढच्या पावलाला कुणाची परवानगी हवी होती. उजवा हात मात्र डोक्याशी वर धरलेला. डोक्यावर काहीच नव्हतं.

तो हात बघून तिचं हसू थांबलं.

तिने शेजारी पाहिलं. तिचा भाचा प्रितेश पडद्याकडे बघतच नव्हता. लोक नेमके कुठे हसतात, ते तो मागे वळून बघत होता.

वर्षापूर्वी मिठबावच्या किनाऱ्यावर त्याने तिला मासळीची टोपली घेऊन दहा-बारा वेळा चालायला लावलं होतं, मग टोपलीशिवाय, हात तसाच वर ठेवून. मुंबईत आपण कॉम्प्युटरवर चित्रांतली माणसं हलवतो, त्यांना आधी हाडं बसवतो, आणि कुठलं हाड कधी वळतं ते खऱ्या माणसाकडूनच शिकावं लागतं, असं त्याने समजावलं होतं. होडी वर ओढताना घसरून चंद्रावतीचं डाव्या खुब्याचं हाड मोडलं होतं; तेव्हापासून आत सळई होती. आपलं हे लंगडणं कुणाच्या कामी येईल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. आई वारल्यावर ज्याला तिने कडेवर वाढवलं, त्याच्यासाठी ती ऊन चढेपर्यंत चालली.

टॉकीजबाहेर त्याने विचारलं, "आत्ये, कसो वाटलो?"

"सगळी हसली," ती म्हणाली.

"तुझ्या चालीकच हसली," प्रितेश खुशीत म्हणाला.

महिन्याभरात सिनेमाची सीडी गावात पोचली. बंदरावर मासळीच्या लिलावाला वीस वर्षं तिच्या शेजारी बसणारी रुक्मिणी एक दिवस तिला गंज्या म्हणाली, मग सगळ्याच म्हणू लागल्या. ती दारोदार मासे घेऊन जाई, तिथे माणसं टीव्हीसमोरून उठून अंगणात येत. मासे घेत नसत. ती परत फिरेपर्यंत थांबत आणि मग बघत. पावसाळ्याआधीच चंद्रावतीने टोपली मोडीत काढली आणि पडवीत जाळी विणायला बसली.

गणपतीला प्रितेश आला. दुसरा भाग निघतोय, गंज्याचं सगळं काम आपल्याकडे दिलंय, असं त्याने सांगितलं. गावातलं त्याच्या कानावर आलं होतं. लोकांच्या तोंडी नाव बसायला नशीब लागतं, एवढंच तो म्हणाला. मग कामाचं बोलला.

"ह्या खेपेक गंज्या पडता, आत्ये. पडता आणि तेका उठूक येना नाय."

चंद्रावतीने हातातली सुई जाळ्यात खोवली.

"मी नाय म्हटलंय तर?"

"तर काम दुसऱ्या कोणाक देतले."

उन्हं कलल्यावर दोघं किनाऱ्यावर गेली. प्रितेश कॅमेऱ्याची तिकाटणी वाळूत रोवत होता. ती थोडी लांब जाऊन उभी राहिली.

"खंयच्या कुशीर पडू?" तिने विचारलं.

"डाव्या," तो भिंगातून बघत म्हणाला. "थंयसून उजेड बरो येता."

तिने मान डोलावली. पदर कमरेला खोचला, आणि वाळू कुठे मऊ आहे, ते ती पायाने चाचपू लागली.