चिमणीला ठेवलेली माया

शेडच्या एका अर्ध्यात बाबांचं वेल्डिंग चालायचं, दुसऱ्या अर्ध्यात आईचं शिवणकाम. मध्ये जाड पडदा. इकडे ठिणग्या, तिकडे दोऱ्यांची टोकं, आणि भिंगरी दोन्हीकडे पडीक. तिला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून तर ते नाव पडलं.

सुट्टी लागली त्याच दिवशी बाबांनी लोखंडी पाईपचा चार फुटी तुकडा घरंगळत आणला. एवढा रुंद, की भिंगरी खांद्यांपर्यंत आत शिरली. आत तिने हळूच ‘ओ’ म्हटलं, तर पाईप कितीतरी वेळ ‘ओ’ म्हणत राहिला, समुद्राच्या तळाशी झोपलेल्या कुठल्याशा प्राण्याने कूस बदलावी तसा. दुसऱ्या टोकाला उजेडाचा गोल होता आणि गोलात बाबांचे बूट.

“बाहेर ये. गंज खरवडायला दिलाय, ऐकायला नाही.”

पाईपची भट्टी व्हायची होती. मामा हॉटेलात आचारी. त्याला मांस जाळावर नाही, नुसत्या धुरावर दिवसभर शिजवायचं होतं. म्हणून जाळ पाईपच्या पोटाखाली नाही, तर बाजूला जोडलेल्या छोट्या पेटीत. तिथून धूर आत येणार, जाळीवरच्या मांसावरून रमतगमत जाणार आणि दुसऱ्या टोकाच्या चिमणीतून बाहेर पडणार. बाबांनी धुराची वाट खडूने फरशीवर काढून दाखवली. ती लांबच लांब, आळसावलेली रेघ भिंगरीला इतकी आवडली की ती तीन दिवस तिला वळसा घालून चालली.

“चिमणी मी करणार,” तिने जाहीर केलं. “मापापासून वेल्डिंगपर्यंत. कुणी बोट लावायचं नाही.”

“कर की. पण धूर ओढला गेला नाही, तर ती कापून मी नवी लावणार आणि तू अख्खी सुट्टी गंज खरवडणार. कबूल?”

“कबूल, कबूल, कबूल!”

मुखवट्याच्या काचेआड जग हिरवं-काळं होऊन विरघळलं. उरला एकच तारा, आणि तो तिच्या हातून सरकत होता. तो सरकला तिथे लोखंड लोखंडाला चिकटलं. त्या रात्री डोळे मिटले तरी तो तारा पापण्यांच्या आत फिरतच होता.

रविवारी सकाळी बाबांनी शेडच्या उघड्या बाजूला ठेवलेल्या भट्टीचं दार उघडून आत डोकावलं.

“हे आत काय लोंबतंय गं?”

चिमणी पाईपच्या छताला पाडलेल्या भोकाशी थांबायच्या ऐवजी चांगली वीतभर आत उतरली होती, जवळजवळ जाळीपर्यंत.

“माया ठेवलीय,” भिंगरी ऐटीत म्हणाली. “बरोब्बर मापाला कधी कापायचं नसतं. शिवणीच्या आत थोडं जास्तीचं सोडायचं, म्हणजे उसवून वाढवता येतं.”

पडद्यापलीकडची मशीन थांबली.

“अगं बाई, पाईप काय वाढत्या अंगाचा आहे?” बाबा हसून हसून खाली बसले. “लोखंडाला माया ठेवणारी तूच पहिली!”

आईने पडद्यातून डोकं काढलं. “हसू नका. तुमच्या पँटी त्याच मायेवर तीन वर्षं निघाल्यात.”

भिंगरीचे कान मात्र तापले. बाबांनी चिमणी कापायला ग्राइंडर उचललाही असता, पण तेवढ्यात मसाला चोळलेल्या मांसाचं पातेलं घेऊन मामा हजर. “भाऊजी, पेटवा! मी पहाटेचा उठलोय.”

मांस जाळीवर ठेवून भट्टी पेटवली. आणि धूर उलटा फिरला. पेटीच्या तोंडातून भकाभका बाहेर.

“मांस राहू दे,” मामा खोकत म्हणाला, “आधी मीच शिजतोय!”

बाबा आता हसत नव्हते. त्यांनी ग्राइंडरची वायर सोडवायला घेतली. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं भिंगरीला वाटलं.

“बाबा, थांबा ना. दोनच मिनिटं.”

तिने चिमणीला तळवा लावला. थंडगार. पेटी तापलेली आणि चिमणी अजून झोपेतच! धूर झोपलेल्या घरात कशाला शिरेल? ती पडद्यापलीकडे पळाली, बाहीचा एक जुना कागदी नमुना चुरगाळून पेटवला आणि दारातून हात घालून जळता कागद चिमणीच्या लोंबत्या तोंडाखाली धरला. ज्योत वाकली, लांबली, सुर्रकन आत गेली. पेटीच्या तोंडाशी घुटमळणारा धूर क्षणभर विचारात पडला, मग मागे वळला आणि आत निघाला.

चौघांनीही माना वर केल्या. चिमणीतून आधी पांढरं, मग निळसर, मग इतकं पातळ काहीतरी वर गेलं की तो धूर आहे की आभाळच हलतंय, कळेना.

बाबा गुडघ्यांवर बसून दाराच्या फटीतून बघत राहिले. “छताला धरून पळत नाहीये,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “त्या लोंबत्या तोंडापायी खाली वाकतोय. मांसावरून जातोय, मग वर चढतोय.”

“कापायची का मग?” भिंगरीने विचारलं.

“कुणी म्हटलं कापायची?”

दुपार धुरासारखीच सरकत गेली. मामा स्टुलावर पेंगला, आईची मशीन लांबून आल्यासारखी वाजत राहिली. बाबा लोखंडाचा वाकवलेला गज घेऊन भट्टीभोवती दोनदा फिरले आणि भिंगरीपुढे येऊन उभे राहिले.

“दाराचं हँडल कुठे लावू?”

बाबांनी कामातलं काही तिला विचारण्याची ही पहिलीच वेळ. उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. पण तिने गालाला हात लावला, डोळे बारीक केले आणि दाराकडे बघत बाबांना चांगलं ताटकळत ठेवलं.