हाकेचा वाटा

"दार उघड रं कमलाकांता! कानात बोळं कोंबलंस काय?"

काशीबाई दार बडवत होती. नवापूरच्या समुद्रकाठच्या वाळूवर वीजघराच्या कामगारांसाठी नव्या खोल्या उठलेल्या. विजेचे दिवे, नळ, सगळा थाट! गावातली कोळ्यांची पोरं नोकरीला लागली आणि तिथंच राहायला गेली. कमलाकांत त्यातलाच.

"काकी, वरडू नको. हितं साहेबलोक रातात."

"घाल तुज्या साहेबाला चुलीत! तुज्या रामाकाकाची होडी खडपाच्या दगडांवर चढलीय, भरती लागलीय. चल, दोर धर!"

"माजी कामाची पाळी हाय. कपडं आताच इस्त्री केल्यात. आमी आता कोळी ऱ्हायलो नाय."

"बोंबील गिळतोस तेवा कोळी असतोस ना रं मेल्या!"

त्याच्या खोलीत राहणारा परभणीकडचा बन्सी मधे पडला, "काकी, कुणीबी हाक मारली की जायचं का?"

"जायचं! ताटावरचा उठायचा. वैरी असला तरी उठायचा. ह्याचा बाप बुडत होता, तेवा ह्याचा रामाकाका लेकीच्या हळदीतून उठून धावला. न्हायतर ह्यो आज खुर्चीत बसला नसता!"

बन्सीला पोहता येत नव्हतं. तरी पायजमा खोचून तो धावत सुटला. कमलाकांतानं रेडिओ मोठा केला. पण आवाज काही कानात शिरेना. खिडकीतून बघितलं, तर चाळीतली सगळी दारं बंद. आत सगळी कोळ्यांचीच पोरं! चडफडत तो निघाला.

पोचला तेव्हा होडीचे दोन तुकडे झालेले. बन्सी छातीभर पाण्यातून फळ्या ओढत होता. रामाकाका वाळूवर बसलेला. त्यानं जाळ्यातला उरलेला पापलेट उचलून कमलाकांतापुढं धरला.

"घे."

"काका, मी... उशिरा आलो."

"हाकेला आला त्याला वाटा. रीत हाय."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं! कमलाकांताच्या हातातून मासा वाळूत पडला. इस्त्रीच्या कपड्यांसकट तो पाण्यात घुसला आणि फळ्या ओढू लागला. होडी काही जुळली नाही. काका आता दुसऱ्याच्या होडीवर राबतो.

बंधूंनो, माजी गोष्ट एवढीच. नवं गाव खुशाल बांधा, दिवे लावा. पण दाराला अशी कडी नको, की हाक बाहेरच मरंल! बास. खाली किनाऱ्यावरनं कुणीतरी हाका मारतंय, मला आता निघाया पायजे.